कोरड्या त्वचेसाठी

आईने साबणाची वडी उलटसुलट करून पाहिली, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि लेबल मोठ्याने वाचलं. “कोरड्या त्वचेसाठी. ऑलिव्ह आणि बदाम तेलाचं पोषण.” मग तिने आपले दोन्ही हात ओट्यावर पसरले. बोटांच्या पेरांवर आडव्या भेगा, उजव्या अंगठ्याजवळची कातडी जाड झालेली, नखांच्या कडेला लालसर, सोललेलं. बावीस डब्यांची कणीक मळून झाली होती आणि ठेचा वाटायचा बाकी होता.

“माझी कोरडीच ना रे त्वचा?” तिने विचारलं. “मग मला का नाही लागू पडला?”

टोमणा असता तर मी उलटून काहीतरी बोललो असतो. पण ती खरंच विचारत होती. मी केमिस्ट्रीचा पदवीधर, तीन वर्षं एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला काढलेली. माझ्याकडे उत्तर असायला हवं होतं. ते नव्हतं. आणि ते लेबल मीच छापलं होतं.

ही जानेवारी २०२१ची गोष्ट.

*

मार्च २०२०मध्ये सगळं बंद झालं तेव्हा आमचा कारखानाही बंद झाला. दोन महिन्यांनी तो सुरू झाला, पण माझ्याशिवाय. घर आईच्या डब्यांवर चालू लागलं. तसं ते बाबा गेल्यापासून बरंचसं तिच्याच डब्यांवर चालत होतं, पण आता पूर्णच. घरीच विलगीकरणात असलेल्या लोकांचे डबे वाढले. भांड्यांना येणाऱ्या मावशी येऊ शकत नव्हत्या. त्यात हात धुण्याचा धोशा. भाजी घेतली की हात, दार उघडलं की हात, रिकामा डबा परत आला की हात. एकदा मी गंमत म्हणून मोजलं. दुपारपर्यंतच तेवीस वेळा झालं आणि मग मला गंमत वाटेना.

जूनपर्यंत तिच्या बोटांना भेगा पडल्या. मीठ चोळताना ती ओठ आवळायची. मी रिकामा होतो, हाताशी वेळ होता आणि साबण म्हणजे काय हे मला शाळेपासून पाठ होतं: तेल अधिक कॉस्टिक सोडा, झाला साबण आणि ग्लिसरीन. मी ठरवलं, आईसाठी घरी साबण करायचा. शुद्ध, खोबरेलाचा. लहानपणापासून कोरड्या पडलेल्या प्रत्येक गोष्टीवर आमच्याकडे खोबरेल तेलच लावलेलं.

गॅलरीत खिडक्या उघड्या टाकल्या, डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे. स्टीलच्या पातेल्यात पाणी घेतलं. अॅल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन सोडतो. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. ते द्रावण आपोआप इतकं तापतं की पातेल्याला हात लावता येत नाही. ते निवल्यावर कोमट तेलात ओतलं आणि हँड ब्लेंडर फिरवला. (तो ब्लेंडर त्यानंतर स्वयंपाकघरात परत गेला नाही.) मिश्रण आधी कढीसारखं, मग पातळ पिठल्यासारखं झालं. साच्यात ओतलं, दुसऱ्या दिवशी वड्या कापल्या आणि चार आठवडे फळीवर वाळत ठेवल्या.

अर्धा किलो खोबरेल पूर्णपणे साबणात बदलायला साधारण ९१ ते ९२ ग्रॅम कॉस्टिक लागतो. मी ९२ टाकला. प्रयोगशाळेत अचूकपणाचं कौतुक होतं, म्हणून मी अचूक राहिलो. घरी साबण करणारी कुठलीही अनुभवी व्यक्ती मला सांगू शकली असती की ५ टक्के तरी कमी घे, म्हणजे ८७च्या आसपास. कारण स्वयंपाकघरातला काटा एखाद्या ग्रॅमने चुकतो, प्रत्येक तेलाचा घाणा वेगळा, आणि कॉस्टिक उरण्यापेक्षा थोडं तेल उरलेलं कधीही बरं. या न बदललेल्या तेलाला साबणवाले सुपरफॅट म्हणतात. पण मी कुणाला विचारलं नव्हतं. मला केमिस्ट्री येत होती.

वडी देखणी झाली. पांढरीशुभ्र, टणक, आणि फेस असा की बादली भरावी. आईने दोन दिवस वापरली आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप बाजूला ठेवली. “छान आहे,” ती म्हणाली, “पण हात धुतले की ताटाला बोट घासल्यासारखा आवाज येतो.”

*

मग मी वाचायला लागलो. त्या वाचनात मला भेटला मिशेल शेव्हरल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. १८११ साली त्याने डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणाचा एक नमुना तपासायला घेतला आणि पुढे कितीतरी वर्षं तो चरबी आणि तेलांचाच पाठलाग करत राहिला. १८२३ साली त्याचं पुस्तक आलं. माणूस १०२ वर्षं जगला. तेल ही एकसंध वस्तू नाही, तिच्यात वेगवेगळी मेदाम्लं आणि ग्लिसरीन दडलेलं असतं, हे त्याने दाखवून दिलं.

आज आपण ते असं सांगतो: तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका दांडीला टांगलेली तीन मेदाम्लं. कॉस्टिक ती तिन्ही सोडवून घेतो आणि प्रत्येकाशी सोडियमची गाठ मारतो. दांडी ग्लिसरीन म्हणून मोकळी होते. म्हणजे वडीत खोबरेल उरतच नाही. ऑलिव्हही उरत नाही. उरतात त्यांच्या मेदाम्लांचे क्षार, ग्लिसरीन, आणि आपण मुद्दाम सोडलेलं थोडंसं तेल.

एकदा हे डोक्यात बसलं की मग त्वचेप्रमाणे तेल निवडणं म्हणजे काय ते कळायला लागतं. आपण तेल निवडतच नसतो, मेदाम्लं निवडत असतो. आणि इथेच सगळी गंमत आहे, कारण जे तेल अंगावर चांगलं, त्याचा साबण चांगलाच होईल असं अजिबात नाही.

खोबरेल घ्या. अंगाला लावलं तर बहुतेकांची त्वचा मऊ पडते. पण त्यात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. लॉरिकची साखळी आखूड, तिचा साबण पाण्यात पटकन विरघळतो, ढीगभर फेस करतो, अगदी खाऱ्या पाण्यातसुद्धा, आणि त्वचेवरचं तेल ओरबाडून नेतो. केसांना आणि हातापायांना लावायचं आपलं सगळ्यात मायाळू तेल, आणि त्याचाच साबण सगळ्यात कडक. आईच्या बोटांतून येणारा तो ताटासारखा आवाज लॉरिकचा होता.

ऑलिव्हचं उलट. त्यात बहुतांशी ओलेइक आम्ल असतं. त्याचा साबण सौम्य, पण घाई करणाऱ्याचा नाही. फेस कमी आणि ताजा असताना बुळबुळीत. नुसत्या ऑलिव्हची वडी सहा महिने, वर्षभर मुरू द्यावी लागते. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसला आणि सीरियातल्या अलेप्पोला हा धीर पिढ्यान् पिढ्या आहे. तिथल्या ऑलिव्ह साबणाच्या परंपरा २०२४ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेल्या. आता आणखी मजा बघा: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांच्या हातावर काही आठवडे रोज ऑलिव्ह तेल लावलं, तर त्वचेचा वरचा संरक्षक थर कमकुवत झालेला आढळला. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. म्हणजे अंगाला लावायला सूर्यफूल उजवं. पण सूर्यफुलाचा साबण करून बघा.

मी करडईचा केला होता. घाण्यावरचं, ताजं, महागातलं तेल. करडईत आणि साध्या सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं. हे आम्ल हवेतला ऑक्सिजन पटकन धरतं, म्हणजे तेल खवट होतं. वडी मुळात मऊ झाली, आणि ऑक्टोबर हीटमध्ये फळीवर ठेवलेल्या वड्यांवर तीन आठवड्यांत नारिंगी ठिपके उगवले. वास जुन्या फरसाणाचा. तेव्हापासून अशी तेलं मी १० ते १५ टक्क्यांपुढे नेत नाही.

एरंडेल हे मदतनीस तेल. त्यातलं रिसिनोलेइक आम्ल दुसऱ्यांचा फेस टिकवून धरतं. ५ टक्के पुरतं, १०च्या पुढे गेलात तर वडी चिकट होते. कडुनिंबाचं तेल लोक मुरुमांसाठी मागतात. ते ५ टक्के जरी घातलं तरी न्हाणीघरात लसूण सोलल्यासारखा वास येतो, आणि धुऊन टाकलेल्या साबणातून मुरुमांवर औषध किती पोहोचत असेल याचा हिशेब कुणी करत नाही.

बदाम तेल? मी छोटी बाटली आणली होती, चांगली महाग. मिश्रण घट्ट व्हायला लागल्यावर शेवटी ओतलं, म्हणजे तेच सुपरफॅट म्हणून उरेल, असा हिशेब. नंतर कळलं की कॉस्टिक असा हिशेब पाळत नाही. त्या क्षणी बराचसा कॉस्टिक मोकळाच असतो आणि समोर येईल त्या तेलाला तो धरतो. शेवटी आलेल्या पाहुण्याला वेगळं ताट मिळत नाही. ती महागडी बाटली बाकीच्या तेलांसारखीच साबण झाली होती. लेबलवर मात्र तिचं ‘पोषण’ उरलं.

*

लेबलांची कल्पना दिवाळीतली. तोवर माझे साबण खरंच बरे व्हायला लागले होते. मी तीन प्रकार केले. कोरड्या त्वचेसाठी: ऑलिव्ह जास्त, खोबरेल १५ टक्के, सुपरफॅट ८. तेलकट त्वचेसाठी: खोबरेल ३० टक्के, थोडा कडुनिंब, मुलतानी माती. नाजूक त्वचेसाठी: जवळजवळ सगळं ऑलिव्ह, आणि छान वाटावं म्हणून लॅव्हेंडरचे थेंब. मोबाइलवर डिझाइन केलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून स्टिकर छापून आणले. आमच्या सोसायटीत नरक चतुर्दशीच्या पहाटे मोतीच्या गोल वडीला पर्याय म्हणून माझ्या चाळीस वड्या गेल्या. पैसे घेऊन गेल्या. विक्रीसाठी साबण करायचा तर सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाचा परवाना लागतो, हे मला नंतर कळलं.

धाकट्या भावाला मी तेलकटवाली वडी दिली होती. त्याला मुरुमं यायची. पंधरा दिवसांनी त्याचं नाक, गाल सोलल्यासारखे झाले आणि मुरुमं होती तिथेच. “कपाळ तेलकट आहे, पण हे बघ,” म्हणत त्याने पोटरीवर नखाने रेघ ओढली. पांढरी रेघ उमटली. एकाच मुलाला कपाळ तेलकट, पोटऱ्या कोरड्या. त्याला मी कुठल्या लेबलची वडी द्यायची होती?

हे सगळं मी डोळ्यांआड केलं. लोक कौतुक करत होते. ‘केमिकल नसलेला साबण’ असं कुणी म्हणालं की मी हसून मान डोलवायचो, कॉस्टिकच्या पिशवीवर बसून.

मग जानेवारी आला आणि आईने ओट्यावर हात पसरले.

*

मी तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. सोबत माझी वडीही नेली, कागदात गुंडाळून. डॉक्टरांनी आधी हात पाहिले, मग आईला विचारलं, “दिवसभर काय काय करता?” आईने सांगायला सुरुवात केली. कणीक. कांदे चिरणं, लसूण सोलणं, ठेचा. लिंबं पिळणं. भांडी. फडकी. पुन्हा कणीक. डॉक्टर मध्ये बोलल्या नाहीत. आईला तिच्या हातांबद्दल इतका वेळ कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी सहा महिने तिच्या हातांसाठी तेलं निवडत होतो आणि ते हात दिवसभर काय करतात हे तिला एकदाही विचारलं नव्हतं, तिच्याच स्वयंपाकघरात उभा राहून.

“हा हाताचा एक्झिमा आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “नुसती कोरडी त्वचा नव्हे.” दोन आठवड्यांसाठी मलम. भांडी घासताना आत सुती हातमोजे, वर रबरी. हात धुतले की टिपून लगेच व्हॅसलिन, दर वेळी. भेगा भरेपर्यंत साबणच नाही, साबण नसलेलं क्लीन्झर.

मी कागद उघडून वडी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, वास घेतला. “छान केला आहेस. पण कोणता साबण, हा दुसरा प्रश्न. किती वेळा, हा पहिला.” मग त्यांनी मला तेच सांगितलं जे मला माहीत होतं आणि मी स्वतःला सांगत नव्हतो: निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच ५च्या आसपास. खरा साबण, मग तो कुठल्याही तेलाचा असो, ९ ते १०च्या घरात. तेल बदलून वडी सौम्य करता येते, आम्लधर्मी नाही. फाटलेल्या हाताला तेवढा फरकही पुरत नाही.

त्या संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिथल्या वहिनींनी दिवाळीत ‘नाजूक त्वचेसाठी’ची वडी घेतली होती, आणि मला आठवलं की ती त्यांनी बाळासाठी घेतली होती. आठ महिन्यांचं बाळ. माझ्या वडीत लॅव्हेंडरचं तेल होतं. सुगंधी तेलांनी पुष्कळांच्या त्वचेला त्रास होतो, हे तोवर मी वाचलेलं होतं. दार उघडेपर्यंत माझ्या पोटात गोळा आला होता. वहिनी म्हणाल्या, दोनदाच वापरला, काही झालं नाही, उलट छान वास येतो. मी वडी परत मागितली. त्यांना वाटलं मला पैसे कमी पडले. मी पैसे परत दिले तेव्हा त्या आणखीच गोंधळल्या. कोरडी, तेलकट, नाजूक, सगळी मिळून अकरा वड्या परत मिळाल्या. बाकीच्या संपल्या होत्या.

*

फेब्रुवारीत आजीकडे गेलो, कुडाळजवळच्या गावात. आईचे हात तोवर बरेच भरले होते, पण मी साबणाचं नाव काढत नव्हतो. आजीला फोनवर सगळी हकिकत कळलेली होती. मी पोचलो, चहा झाला, आणि तिने फळीवरच्या डब्यातून एक पिवळट पांढरा गोळा काढून माझ्या हातात ठेवला. मुठीत दाबून वळलेला, बोटांचे ठसे अजून त्यावर.

हे मुठेल. कोकमाच्या बियांचं तेल, काही जण भिरंडेल म्हणतात. उन्हाळ्यात रातांबे फोडून सालीची आमसुलं झाली की बिया वाळवून ठेवायच्या. मग कधीतरी सवडीने फोडून, कुटून पाण्यात उकळायच्या. वर तेल तरंगतं, ते निवलं की थिजतं, आणि मुठीने त्याचे गोळे वळायचे. थंडीत टाचा फुटल्या, ओठ फुटले की हाच गोळा चुलीशी धरून बोट फिरवायचं. मी लहानपणी हे सगळं पाहिलं होतं आणि पुण्यात बसून बदाम तेलाच्या बाटल्या विकत आणत होतो.

मला लगेच आकडे सुचायला लागले. कोकमात स्टिअरिक आणि ओलेइक दोन्ही भरपूर. म्हणजे वडी टणक होईल, पण खोबरेलासारखी ओरबाडणार नाही. फेस कमी पण सायीसारखा. मी आजीला उत्साहाने सांगितलं, की याचा साबण केला तर आईचे हात मऊ होतील.

आजी हसली. “अरे झिला, साबणान खंय हात मऊ होतत? हात मऊ होतत तेलान. साबणान तेल जाता.”

दोनशे वर्षांचं रसायनशास्त्र ती एका दमात बोलून गेली आणि माडाच्या झावळ्या गोळा करायला परसात गेली.

मी पडवीत बसून राहिलो. दिवाळीची पहाट आठवली. आई आम्हाला पाटावर बसवून आधी तेल चोळायची, चांगलं जिरेपर्यंत. मग उटणं. साबण सगळ्यात शेवटी, आणि तोही शास्त्रापुरता. तेलाचं काम तेलाचं, धुण्याचं काम धुण्याचं. वर्षातून एकदा का होईना, हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे आमच्या न्हाणीघराला माहीत होतं. मी ते एका स्टिकरवर एकत्र केले होते.

*

मी साबण करणं सोडलं नाही. रविवारी करतो, घरच्यांसाठी आणि चार मित्रांसाठी, विकत नाही. नोकरी पुन्हा एका लॅबमध्ये लागली. आणि तेलं निवडायलाही मी अजून तितकाच वेळ घालवतो, कारण त्याने फरक पडतोच. फक्त किती पडतो ते आता मला ठाऊक आहे.

आईसाठी जी वडी ठरली ती अशी: ऑलिव्ह ४५ टक्के, खोबरेल २०, तीळ १५, कोकम १५, एरंडेल ५. सुपरफॅट ७. वास नाही, रंग नाही. कॉस्टिक दर वेळी नव्याने मोजतो, कारण प्रत्येक तेलाला तो वेगळा लागतो. एक तेल बदललं तरी सगळा हिशेब पहिल्यापासून. वड्या आठ आठवडे मुरतात.

हीच वडी मी भावालाही देतो. त्याच्यासाठी वेगळी करत नाही. तो चेहऱ्याला डॉक्टरांनी दिलेलं लावतो आणि वडी अंगाला. उन्हाळ्यात सोसायटीला टँकरचं जड पाणी येतं तेव्हा कुठलीही वडी नीट फेसाळत नाही. त्या पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाची खळ होते आणि ती अंगावरच चिकटून राहते. त्या दोन महिन्यांत कुणाची त्वचा कोरडी झाली तर दोष तेलांना द्यायचा की टँकरला?

परवा ऑफिसातल्या एका मैत्रिणीने विचारलं, “माझी स्किन खूप ड्राय आहे, कोणता साबण वापरू?” पूर्वी मी खिशातून वडी काढली असती. आता मी तिला विचारलं, पाणी किती गरम घेतेस? दिवसातून किती वेळा? अंग पुसल्यावर काय लावतेस? खाज येते का, भेगा पडतात का, की नुसतं ओढल्यासारखं वाटतं? हे कधीपासून? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, कडकडीत पाण्याने वीस मिनिटं, आणि नंतर काहीच लावत नाही. मी म्हटलं, मग आधी ते बदल. दुकानातलाच साबण घ्यायचा असेल तर वेष्टन उलटं करून मागचं वाच. ‘टॉयलेट सोप’ लिहिलं असेल तर टीएफएमचा आकडा बघ. आपल्याकडे ७६ टक्के आणि वर म्हणजे पहिली श्रेणी, म्हणजे वडीत साबणाचा ऐवज जास्त आणि भरताड कमी. पण तो आकडासुद्धा तुझ्या त्वचेबद्दल काही सांगत नाही. तो फक्त वडीबद्दल सांगतो.

ती थोडी हिरमुसली. लोकांना वडी हवी असते, प्रश्न नको असतात. मलाही तेच हवं होतं. आईला काहीतरी करून द्यायचं होतं, हातात ठेवता येईल असं. नोकरी गेलेल्या मुलाला आईला दुसरं काय देता येतं? म्हणून बहुधा मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, भांडी घास. पहिले सहा महिने मी भांडी घासली असती तर कदाचित कुठल्याच तेलाची गरज पडली नसती.

आता रात्रीची भांडी माझ्याकडे असतात. दुपारची ती मोजे घालून घासते, कुरकुरत. थंडीत अंगठ्याजवळ अजून एखादी भेग डोकावते. झोपायच्या आधी ती आजीने पाठवलेल्या मुठेलाचा गोळा गॅसच्या आचेशी धरते आणि बोटांवर फिरवते. साबणाची वडी बेसिनवर असते.

तिच्या कागदावर मी आता तेलांची नावं, टक्के आणि केल्याची तारीख लिहितो. खाली एक ओळ: हात धुण्यासाठी.

पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा आई म्हणाली, “एवढंच?”

“एवढंच,” मी म्हटलं.

तिने वडी नाकाशी नेली, कशाचाच वास आला नाही, आणि हात धुवायला लागली.